आठ पोर्टांचा संशयी डबा

टर्मिनल सर्व्हर म्हणजे एका अंगाला नेटवर्कची एकच वायर आणि दुसऱ्या अंगाला आठ, सोळा किंवा बत्तीस पोर्ट असलेला डबा. १९८०च्या दशकात संगणक एक आणि त्याच्यापुढे बसणारी माणसे ढीगभर, अशी परिस्थिती होती. प्रत्येकाच्या टेबलावर पडदा आणि कीबोर्ड असे, पण त्या जोडीला स्वतःची अक्कल नसे. कळ दाबली की अक्षर वायरीतून दूर कुठेतरी जाई, आणि तिकडून परत पाठवले गेले तरच पडद्यावर उमटे. या परावलंबी जोडीला टर्मिनल म्हणत. एवढी टर्मिनल्स थेट संगणकाला जोडायची तर प्रत्येकासाठी मशीनरूमपर्यंत वेगळी वायर ओढावी लागे. आणि वायरवाला भिंतीला भोक पाडून गेला की पुन्हा फिरकत नाही, हे सर्व देशांतील कार्यालयांना ठाऊक आहे. म्हणून दर मजल्यावर एक डबा ठेवायचा, त्यात आसपासची टर्मिनल्स खुपसायची आणि डब्यापासून पुढे एकच वायर न्यायची, ही युक्ती निघाली.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाची कंपनी होती. तिचा डेकसर्व्हर २०० हा या जातीचा नमुनेदार डबा. पोर्ट आठ. तिचे व्हॅक्स संगणक जगभर चालत, भारतीय रेल्वेचे संगणकीय आरक्षणही १९८०च्या दशकात व्हॅक्सवरच उभे राहिले. डेकसर्व्हरचा एक गुण सुरुवातीलाच सांगावा लागतो. त्याचे सॉफ्टवेअर त्याच्या पोटात नसते. वीज आली की तो नेटवर्कवर हाळी देतो, आणि एखाद्या व्हॅक्सला दया आली की तो त्याला सॉफ्टवेअर पाठवतो. मात्र पोर्टांच्या सेटिंग्ज डब्यातल्या पक्क्या स्मृतीत राहतात. म्हणजे वीज गेल्यावर हा डबा आपले काम विसरतो, पण नियम विसरत नाही. कार्यालयीन वापरासाठी याहून योग्य यंत्र शोधून सापडले नसते.

पोर्ट सेट करण्याआधी वायर लागते. टर्मिनल आणि संगणक यांच्यातल्या बोलण्याचे मानक आरएस-२३२ या नावाने अमेरिकेत १९६० साली ठरले. त्याचा प्लग पंचवीस पिनांचा. दोन नंबरच्या पिनेवर बोलायचे आणि तीन नंबरच्या पिनेवर ऐकायचे, हे टर्मिनलसाठी. मोडेमसाठी नेमके उलट. मानक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एका टोकाला टर्मिनल आणि दुसऱ्या टोकाला मोडेम एवढेच चित्र होते. पुढे लोकांनी संगणकाला संगणक आणि टर्मिनलला डबा जोडायला सुरुवात केली. तेव्हा असे दिसून आले की दोन्ही बाजू स्वतःला टर्मिनलच समजतात, एकाच तारेवर दोघे बोलतात आणि दुसऱ्या तारेवर दोघे कान लावून बसतात. त्यावर उपाय म्हणून दोन आणि तीनची अदलाबदल केलेली वायर विकायला आली. ती साध्या वायरीसारखी हुबेहूब दिसते, आणि तिच्यावर कोणीही चिठ्ठी लावत नाही.

डिजिटलने या गोंधळावर स्वतःचा तोडगा काढला. टेलिफोनच्या जॅकसारखा छोटा सहा तारांचा जॅक घेतला आणि त्याची खिट्टी मुद्दाम एका बाजूला सरकवली, म्हणजे कोणी चुकून टेलिफोनची वायर त्यात घालणार नाही. विचार योग्य होता. परिणाम असा झाला की टेलिफोनचीच काय, दुसऱ्या कोणाचीही वायर त्यात जाईना, आणि प्रत्येक वायर डिजिटलकडूनच घ्यावी लागे. कंपनीच्या विक्री विभागाने याबद्दल तक्रार केल्याची नोंद नाही.

वायर बसली की वेग. डेकसर्व्हरच्या पोर्टाला सेकंदाला ७५ बिटांपासून १९,२०० बिटांपर्यंत वेग देता येतो. मूळचा वेग ९,६००. एका अक्षराला आगेमागेचे बिट धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. चोवीस ओळी आणि ऐंशी रकाने असा पूर्ण पडदा भरायला दोन सेकंद. हेच काम ३०० च्या वेगाने करायचे तर चौसष्ट सेकंद, आणि तेवढ्यात माणसाला आपण काय मागितले होते याचा विसर पडतो. दोन्ही टोकांचा वेग सारखा नसेल तर पडद्यावर आकडे, कंस, प्रश्नचिन्हे आणि अधूनमधून एखादे सभ्य अक्षर असा मजकूर येतो. नवखा माणूस त्याला व्हायरस म्हणतो. जुना माणूस काही न बोलता वेग बदलतो.

वेग आपोआप ओळखण्याचीही सोय आहे, तिला ऑटोबॉड म्हणतात. रिटर्नची कळ दोन-चारदा दाबायची. त्या अक्षराचे बिट किती लांबीचे आले यावरून डबा समोरच्याचा वेग ताडतो. मात्र यासाठी अक्षर आठ बिटांचे आणि पॅरिटीविना हवे, किंवा सात बिटांचे आणि सम पॅरिटीचे. यापलीकडचे काही असेल तर डबा अंदाज बांधायच्या भानगडीत पडत नाही. 'प्रॉम्प्ट येईपर्यंत रिटर्न दाबा' या सूचनेचा परिणाम दीर्घकाळ टिकला. एका अख्ख्या पिढीला बंद पडलेल्या कोणत्याही यंत्रासमोर बसून रिटर्न बडवायची सवय लागली, आणि ती टर्मिनल्स गेल्यावरही गेली नाही.

पॅरिटी म्हणजे प्रत्येक अक्षरामागे लावलेला एक तपासनीस बिट. एकांची संख्या सम आहे की विषम एवढेच तो पाहतो. एक बिट बिघडला तर त्याला कळते. दोन बिघडले तर हिशोब पुन्हा जुळतो आणि तो समाधानाने सही करतो. शिवाय चूक सापडली तरी ती दुरुस्त करायचा अधिकार त्याला नाही. बहुतेक ठिकाणी पॅरिटी 'नन' ठेवतात, ते उगाच नव्हे.

फ्लो कंट्रोलचे प्रकरण मात्र सविस्तर सांगण्यासारखे आहे, कारण 'टर्मिनल हँग झाले' या तक्रारींचा मोठा हिस्सा इथून निघतो. संगणक वेगाने बोलतो, प्रिंटर हळू ऐकतो. बोलणाऱ्याला थांबवण्यासाठी दोन खुणा ठरल्या: कंट्रोल-एस म्हणजे थांब आणि कंट्रोल-क्यू म्हणजे पुढे बोल. यंत्रांमधला हा खाजगी करार होता, पण या दोन्ही खुणा माणसाच्या कीबोर्डवरही उपलब्ध राहिल्या. कोणी 'सेव्ह' करायच्या हेतूने किंवा चुकून कंट्रोल-एस दाबले की पडदा तिथल्या तिथे गोठतो. माणूस आणखी कळा दाबतो. त्या सगळ्या आत कुठेतरी जाऊन रांगेत उभ्या राहतात. मग तो जाणत्याला बोलावतो. जाणता येतो, कंट्रोल-क्यू दाबतो, आणि रांगेतल्या सगळ्या कळा एकदम संगणकाच्या अंगावर धावून जातात. त्यांत रागाने दाबलेला 'वाय'ही असतो, आणि संगणक नेमका त्या वेळी 'सर्व फाइली काढून टाकू का' असे विचारत असतो.

ईमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्या एडिटरमध्ये कंट्रोल-एस म्हणजे शोध. शोधाची आज्ञा एडिटरपर्यंत पोचण्याआधीच वाटेतला डबा ती गिळतो आणि संगणकाचे तोंड बंद करतो. उपाय दोन: पोर्टावरचा हा फ्लो कंट्रोल बंद करून तो वायरीतल्या स्वतंत्र तारांकडे सोपवायचा, किंवा ईमॅक्स सोडायचा. दुसरा उपाय सुचवणाऱ्याला ईमॅक्सवाल्यांनी कधी माफ केल्याचे ऐकिवात नाही.

आता सेटिंग्ज कशा द्यायच्या. डब्याचा प्रॉम्प्ट 'लोकल>' असा असतो आणि त्यापुढे आज्ञा टंकायच्या. आज्ञा दोन तऱ्हेच्या आहेत: 'सेट' आणि 'डिफाइन'. सेट म्हणजे साहेबांचा तोंडी आदेश. लगेच लागू होतो, आणि साहेब उठून गेले की संपतो. डिफाइन म्हणजे जीआर. निघाला तरी आज काहीच बदलत नाही. पुढच्या वेळी पोर्टावर कोणी नव्याने लॉगइन करेल तेव्हा तो अमलात येतो, आणि मग रद्द होईपर्यंत त्याला मरण नाही. तोंडी आदेश पाहायचे असतील तर 'शो', जीआर पाहायचा असेल तर 'लिस्ट'. दोन्हींत तफावत असणे हीच नित्याची अवस्था. एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी कोणी सेट वापरून सगळे सुरळीत करतो, रविवारी वीज जाते, आणि सोमवारी सकाळी सगळे पोर्ट जुन्या जीआरप्रमाणे वागू लागतात. सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये हाच भेद चालू कॉन्फिगरेशन आणि सुरुवातीचे कॉन्फिगरेशन अशा नावांनी आहे, आणि 'राइट मेमरी' करायला विसरलेल्या इंजिनिअरचा सोमवारही तसाच उगवतो.

पोर्टाचे सर्वांत महत्त्वाचे सेटिंग म्हणजे ॲक्सेस. त्याचे पर्याय चार. 'लोकल' असेल तर पोर्टाला जोडलेला माणूस बाहेरच्या संगणकाकडे जाऊ शकतो. 'रिमोट' असेल तर बाहेरचा संगणक पोर्टाकडे येऊ शकतो; हे प्रिंटरसाठी. 'डायनॅमिक' असेल तर दोघांनाही मुभा. आणि 'नन' असेल तर पोर्ट आहे एवढेच, त्याने कोणाशीही बोलायचे नाही. या चौघांत डायनॅमिक सर्वांत उदार दिसतो, आणि घाईत असलेला माणूस तोच निवडतो. प्रिंटरला लोकल दिला तर तो आयुष्यभर कोणाला फोन करावा याचा विचार करत बसतो. माणसाच्या टर्मिनलला रिमोट दिला तर रिटर्न बडवून बोटे दुखली तरी प्रॉम्प्ट येत नाही, आणि कधीतरी लेखाविभागाचा पगारपत्रकाचा छापा त्याच्या पडद्यावरून वाहू लागतो.

ॲक्सेसची चूक कोणत्या थराला जाते हे पाहायचे तर पोर्टाला दुसऱ्या संगणकाचा कन्सोल जोडलेला असताना पाहावे. पोर्टावर माणूस येईल या समजुतीने डबा विचारतो, 'युजरनेम?' पलीकडचा संगणकही आपल्या कन्सोलवर माणसाचीच वाट पाहत असतो. त्याला वाटते कोणीतरी आपले नाव सांगितले. तो उलट विचारतो, 'पासवर्ड?' डब्याला वाटते, या गृहस्थांचे नाव पासवर्ड असावे. तो पुढचा प्रश्न टाकतो. संगणक म्हणतो, 'लॉगइन चुकले', आणि पुन्हा पहिल्यापासून. दोन दारवान एकमेकांना 'आपण कोण?' असे विचारत राहतात. दोघेही नम्र, दोघेही अथक. रात्री घरी जाताना सुरू झालेला हा संवाद सकाळी येऊन पाहिला तरी चालू असतो, आणि त्याची प्रत्येक फेरी संगणकाच्या सुरक्षा नोंदवहीत 'अनधिकृत प्रवेशाचा प्रयत्न' म्हणून लिहिलेली असते. सिस्कोच्या डब्यांवर यासाठी त्या लाइनला 'नो एक्झेक' अशी आज्ञा देतात. म्हणजे इथे माणूस येणार नाही, तू आपणहून तोंड उघडू नकोस.

ॲक्सेसनंतर गट. डेकसर्व्हर आणि व्हॅक्स ज्या लॅट नावाच्या प्रोटोकॉलने बोलत, त्यात ० ते २५५ असे गट असतात. पोर्ट आणि सेवा यांच्यात एक तरी गट सामाईक असेल तरच पोर्टाला ती सेवा दिसते. मूळची योजना अशी की अभ्यासकांना एक गट, लेखाविभागाला दुसरा, प्रशासनाला तिसरा. पण डबा येतो तेव्हा सर्व पोर्ट शून्य क्रमांकाच्या गटात असतात, सेवाही शून्यातच असतात, आणि सगळे नीट चालते. जे नीट चालते त्याला हात लावू नये या तत्त्वाने उरलेले दोनशे पंचावन्न गट बहुतेक ठिकाणी कोरेच राहतात.

पासवर्डांची व्यवस्था मात्र कडेकोट आहे, निदान कागदावर. पोर्टावर लॉगइन पासवर्ड लावला असेल तर डबा फक्त '#' असे चिन्ह दाखवतो. काय हवे आहे ते सांगत नाही. ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. हा पासवर्ड कंपनीने 'ॲक्सेस' असा ठेवून पाठवलेला असतो. व्यवस्थापकाच्या अधिकारांसाठी दुसरा पासवर्ड लागतो, तो 'सिस्टिम' असतो. दोन्ही मॅन्युअलमध्ये छापलेले आहेत, आणि ते बदलावेत अशी सूचनाही तिथेच आहे. मॅन्युअल डब्याच्या शेजारीच ठेवण्याची पद्धत असल्यामुळे तिसऱ्या कुलपाची गरज कोणाला भासली नाही.

पासवर्डानंतर डबा युजरनेम मागतो. इथे काहीही लिहिले तरी चालते. तो नाव कुठेही पडताळून पाहत नाही, फक्त यादीत नोंदवतो, म्हणजे 'आत्ता कोण बसले आहे' असे विचारले की दाखवता येईल. त्यामुळे कोणत्याही महाविद्यालयातल्या डेकसर्व्हरच्या यादीत एकाच वेळी एखादा राष्ट्राध्यक्ष, दोन क्रिकेटपटू आणि 'एक्स' नावाची तीन माणसे हमखास सापडत. संशयी म्हणून ख्याती असलेला हा डबा नेमक्या याच प्रश्नाच्या बाबतीत भाबडा आहे.

सिस्कोच्या डब्यात याच्या उलट टोक गाठलेले दिसते. दूरवरून येणाऱ्यांसाठीच्या लाइनला 'लॉगइन' अशी आज्ञा दिली पण पासवर्ड मात्र ठेवला नाही, तर आत येऊ पाहणाऱ्याला तो कळवतो की पासवर्ड आवश्यक आहे परंतु ठेवलेला नाही, आणि दार लावून घेतो. चूक मान्य, कारण स्पष्ट, प्रवेश नाही. अनेक कचेऱ्यांना अजून हे एका वाक्यात जमलेले नाही.

जागेवरून उठणाऱ्यासाठी डेकसर्व्हरमध्ये 'लॉक' आहे. आज्ञा दिली की डबा एक पासवर्ड मागतो, खात्रीसाठी पुन्हा मागतो, आणि तोच परत टंकेपर्यंत टर्मिनल बंद ठेवतो. चहा पिऊन येईपर्यंत तो पासवर्ड विसरला जातो. मग व्यवस्थापकाला बोलावून पोर्टच लॉगआउट करावा लागतो, आणि अर्धवट राहिलेले काम त्यासोबत जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे निर्दोष आहे.

न उठता निघून जाणाऱ्यांसाठी, म्हणजे लॉगआउट न करता घरी जाणाऱ्यांसाठी, निष्क्रियतेचा घड्याळी नियम आहे. ठरलेल्या मिनिटांत कळ दाबली गेली नाही तर पोर्ट मोकळा. सिस्कोच्या कन्सोलवर ही मुदत मुळात दहा मिनिटांची असते. मॅन्युअलचे एक पान वाचून त्याप्रमाणे आज्ञा टंकायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे काळजीपूर्वक वाचणारा माणूस दर पानाला बाहेर फेकला जातो. कंटाळून तो मुदत शून्य करतो, आणि शून्याचा अर्थ 'कधीच नाही' असा असल्याने तो पोर्ट पुढे कायमचा उघडा राहतो.

मोडेम जोडलेल्या पोर्टावर हा हलगर्जीपणा महागात पडतो. फोन कट झाला की मोडेम एका तारेवरून तसे कळवतो. डब्याला त्या तारेकडे लक्ष द्यायला सांगितलेच नसेल तर जुने सत्र तसेच जिवंत राहते, आणि त्या क्रमांकावर पुढचा फोन करणारा थेट आधीच्याच्या खुर्चीत जाऊन बसतो. त्याची पत्रे, त्याच्या फाइली, त्याचे अधिकार यांच्यासकट. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा पुष्कळांचे खाते नुसत्या अक्षरांचे होते: मोडेमने नंबर फिरवायचा, शिट्ट्या ऐकायच्या, आणि पलीकडे याच कुळातल्या एखाद्या पोर्टाने नाव विचारले की धन्य व्हायचे.

शेवटचे सेटिंग ब्रेक. कीबोर्डवरची ब्रेक ही कळ अक्षर पाठवत नाही. वायर काही काळ नुसती दाबून धरते. डेकसर्व्हरवर ती 'लोकल' ठेवली तर माणूस संगणकातून बाहेर पडून डब्याच्या प्रॉम्प्टवर येतो आणि दुसरे सत्र उघडू शकतो. 'रिमोट' ठेवली तर ब्रेक पुढे संगणकाकडे जातो. सन कंपनीच्या संगणकांना कन्सोलवरून ब्रेक मिळाला की ते हातातले सगळे काम टाकून स्तब्ध होतात आणि पुढील हुकमाची वाट पाहतात. काही टर्मिनल सर्व्हर बंद-चालू करताना स्वतःच सर्व पोर्टांवर ब्रेकसारखा झटका सोडत. डब्याचा प्लग साफसफाईसाठी क्षणभर काढला आणि त्याला जोडलेले सगळे सन एकसमयावच्छेदेकरून निश्चल झाले, असे प्रकार घडत गेले, तेव्हा कुठे सेटिंगमध्ये ब्रेक न मानण्याचा पर्याय आला.

डिजिटल कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने विकत घेतली, लॅट राउटरपलीकडे जाऊ शकत नसल्याने टीसीपी-आयपीपुढे टिकला नाही, आणि बिनअकलेची टर्मिनल्स भंगारात गेली. डबे मात्र उरले. आज डेटा सेंटरमध्ये त्यांना कन्सोल सर्व्हर म्हणतात आणि त्यांच्या पोर्टांना माणसांऐवजी राउटर आणि स्विच जोडलेले असतात. नेटवर्क कोसळले की त्या राउटरपर्यंत पोचायचा हाच एक रस्ता उरतो. सिस्कोचा कन्सोल पोर्ट अजूनही मूळ ९,६०० च्या वेगाने, आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असाच बोलतो. नवीन लॅपटॉपला मात्र सिरियल पोर्ट नसतो. तेव्हा कपाट आवरताना चपटी, फिकट निळी वायर आणि तिच्यासोबतचा यूएसबी ॲडॅप्टर सापडला तर तो फेकू नये, आणि कोणाला उसना तर मुळीच देऊ नये.